फोटोशॉपमध्ये काचेचा पेला: पार्श्वभूमीपासून कवडशापर्यंत, टप्प्याटप्प्याने

शिकायला येणारी मुलं काचेचा पेला करायला घेतात तेव्हा बहुतेकांची सुरुवात एकाच जागी होते. पेल्याचा आकार काढायचा, पांढरा रंग भरायचा, ऑपॅसिटी (अपारदर्शकता) ३० वर आणायची, बेव्हल-एम्बॉस (आकाराला उठाव देणारी लेयर स्टाइल) लावायचं आणि डावीकडे एक पांढरी रेघ ओढायची. तयार होतो तो प्लास्टिकचा पेला. मग तो खरा वाटावा म्हणून चमक वाढवत नेतात आणि तो आणखी बिघडतो.

चूक हाताची नाही, क्रमाची आहे. स्वच्छ काचेला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. ती ओळखू येते तीन गोष्टींमुळे: मागचं चित्र वाकतं, कडा गडद किंवा उजळ होतात आणि समोरच्या जागेचं प्रतिबिंब पडतं. काम याच क्रमाने करायचं. चमक सगळ्यात शेवटी येते आणि ती सगळ्यात थोडी लागते.

उदाहरण म्हणून आपण इंदूरच्या कुठल्याही नाश्त्याच्या दुकानातलं दृश्य घेऊ: काउंटरवर पाण्याने दोन तृतीयांश भरलेला, सरळ उभ्या भिंतींचा काचेचा पेला आणि मागे ‘पोहा’, ‘जलेबी’, ‘कचोरी’ लिहिलेली पाटी. मेन्यूंची नावं फोटोशॉपची दिली आहेत. गिंप (फोटोशॉपसारखं मोफत सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथेच वेगळं सांगितलं आहे.

१. तयारी: संगणक उघडण्याआधी

घरातला सरळ पेला घ्या, पाणी भरा, एखाद्या छापील पाटीसमोर ठेवा आणि मोबाइलने फोटो काढा. हा फोटो चित्रात वापरायचा नाही, शेजारी उघडा ठेवून बघत काम करायचं आहे. आठवणीतून काच काढता येत नाही. मी इतकी वर्षं हे काम करतो आहे, तरी दर वेळी पेला समोर ठेवतोच.

मागे अक्षरं असलेली पाटीच ठेवा. हौसेने बरेच जण इंदूरच्या राजवाड्याच्या फोटोसमोर पेला ठेवतात. त्याचा दर्शनी भाग डावीकडे-उजवीकडे जवळजवळ सारखाच आहे, त्यामुळे काचेत चित्र उलटलं की नाही हे कळतच नाही. देवनागरी अक्षरं मात्र लगेच चुगली करतात. ‘जलेबी’ उलटी झाली की पहिल्या नजरेत कळते आणि शिरोरेषा जराशी वाकली तरी डोळ्यात भरते.

एकूण तीन फोटो हवेत:
पहिला, काउंटर आणि मागची पाटी, पेल्याशिवाय. पाटी थोडी धूसर असली तरी चालेल.
दुसरा, त्याच जागेवरून फक्त पाटीचा, पूर्ण स्पष्ट. तो कशासाठी, ते तिसऱ्या टप्प्यात येईल.
तिसरा, पाठ फिरवून तुमच्या मागच्या बाजूचा: रस्ता, शटरची उघडी चौकट, वरची ट्यूबलाइट, जे असेल ते. पेल्यावर प्रतिबिंब याचं पडणार आहे.

तिसरा फोटो जवळजवळ कोणीच काढत नाही. मग पाटीचाच फोटो पुसट करून पेल्यावर पसरतात. पाटी पेल्याच्या मागे आहे. ती काचेतून आरपार दिसेल, पेल्याच्या पुढच्या भागावर तिचं प्रतिबिंब पडणार नाही.

फाइल आरजीबीमध्ये, ८ बिटवर ठेवा. फिल्टर गॅलरी सीएमवायके (छपाईची रंगपद्धती) आणि १६ बिटमध्ये चालत नाही. छपाईवाल्याने सीएमवायके मागितलं असेल तर ते सगळं काम संपल्यावर, फाइलच्या प्रतीवर करा.

२. आकार: लंबवर्तुळं जुळली पाहिजेत

पेन टूलने पेल्याची बाहेरची कड काढा. मग चार लंबवर्तुळं लागतील: काठाचं बाहेरचं, काठाचं आतलं, पाण्याच्या पातळीचं आणि बुडाचं.

काठाचंच लंबवर्तुळ कॉपी करून खाली बुडाला लावणं ही नेहमीची चूक. कॅमेरा पेल्याच्या थोडा वर असतो, म्हणून जसजसं खाली जाल तसतसं लंबवर्तुळ फुगत जातं. पेला ६०० पिक्सेल रुंद असेल आणि काठाची उंची ९० पिक्सेल ठेवली असेल, तर पाण्याची साधारण १२० आणि बुडाची १५० ठेवून बघा. नेमके आकडे तुमच्या फोटोवरून ठरतील, पण वरून खाली वाढत जाण्याचा नियम बदलत नाही.

आता चार ग्रुप करा आणि प्रत्येकाला मास्क (ठरावीक भागच दिसू देणारा पडदा) द्या: काठ, रिकामा भाग, पाणी, बूड. हे वेगळं ठेवणं गरजेचं आहे, कारण या चार जागी काच चार वेगळ्या तऱ्हेने वागते. संपूर्ण पेल्यावर एकच फिल्टर लावला की तिथेच काम फसतं.

तपासणी: चारही लंबवर्तुळांची टोकं पेल्याच्या कडांना नेमकी टेकतात का? मध्यरेषेवर एक गाइड ओढून दोन्ही बाजू सारख्या आहेत का, तेही बघा.

३. मागचं चित्र वाकवणं

या लेखातला सगळ्यात मोठा टप्पा हाच. इथे घाई केली तर पुढचे टप्पे कितीही नीट केले तरी उपयोग नाही.

रिकामा भाग. इथे काच फक्त पातळ भिंतीइतकी आहे, म्हणून मागचं चित्र जवळजवळ जसंच्या तसं दिसतं. ते उलटं होत नाही, मोठंही होत नाही. फक्त दोन्ही कडांजवळच्या अरुंद पट्ट्यात, रुंदीच्या आठ-दहा टक्क्यांत, ते आवळल्यासारखं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाश इथे चार पृष्ठभाग ओलांडतो: पुढच्या भिंतीचे दोन, मागच्या भिंतीचे दोन. प्रत्येक पृष्ठभागावर सरळ पडणाऱ्या उजेडातला सुमारे ४ टक्के परावर्तित होतो, म्हणजे मागून येणारा उजेड एकूण १५ टक्क्यांनी कमी होतो. कर्व्हज ॲडजस्टमेंट लेयरने हा भाग किंचित मंद करा. फरक जाणवला पाहिजे, पण दिसता कामा नये.

पाण्याचा भाग. पाण्याने भरलेला गोल पेला हे एक उभं भिंग आहे. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) साधारण १.५, पाण्याचा १.३३. भिंती पातळ असल्यामुळे इथे पाण्याचाच आकडा महत्त्वाचा. अशा भिंगाचा केंद्रबिंदू पेल्याच्या मध्यापासून अंदाजे एका व्यासाइतक्या अंतरावर येतो. पेला ७ सेंटिमीटर रुंद असेल, तर मध्यापासून ७ सेंटिमीटरपेक्षा लांबची वस्तू पाण्यातून डावी-उजवी उलटी दिसते. त्याहून जवळची वस्तू उलटत नाही, फक्त आडवी रुंदावते. म्हणजे लांबच्या भिंतीवरची पाटी उलटी दिसेल, पण पेल्याला चिकटून ठेवलेली शेवेची पुडी सुलटीच राहील. वर-खाली उलटापालट इथे कधीच होत नाही. ती काचेच्या गोळ्यात किंवा पाण्याच्या थेंबात होते.

कृती अशी:

क) पाटीच्या स्पष्ट फोटोची लेयर घ्या आणि फ्लिप हॉरिझाँटल करा. पेल्याच्या मध्यरेषेवर आणून आडवी आवळा, म्हणजे पेल्याच्या रुंदीपेक्षा बराच जास्त भाग आत मावेल. किती आवळायची ते शेजारच्या मोबाइल फोटोवरून ठरवा. उंचीला हात लावू नका.

ख) या लेयरखाली मूळ पार्श्वभूमीची एक प्रत ठेवा आणि दोन्ही निवडून स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र न बिघडवता फिल्टर लावता येणारी लेयर) करा. त्यामुळे लेयर कॅनव्हासभर पसरलेली राहते आणि पुढे डिस्प्लेसमेंट मॅप (चित्र कुठे किती सरकवायचं ते सांगणारं राखाडी चित्र) सरकत नाही.

ग) पाण्याच्या ग्रुपमध्ये टाका. मास्क आधीच आहे.

घ) आता मॅप. कॅनव्हासच्याच मापाची नवीन फाइल करा, मधल्या राखाडीने भरा (आरजीबीच्या तिन्ही किमती १२८). पेल्याच्या जागी डावीकडून उजवीकडे ग्रेडियंट द्या: एका कडेला काळा, मध्ये राखाडी, दुसऱ्या कडेला पांढरा. मधला बराचसा भाग राखाडीच ठेवा, बदल कडांजवळ वेगाने होऊ द्या. १ ते २ पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या, नाहीतर ग्रेडियंटच्या पायऱ्या चित्रात उमटतात. लेयर एकत्र करून पीएसडीमध्ये वेगळ्या नावाने ठेवा.

ङ) स्मार्ट ऑब्जेक्टवर फिल्टर, डिस्टॉर्ट, डिस्प्लेस. हॉरिझाँटल स्केल २५, व्हर्टिकल स्केल ०, ‘रिपीट एज पिक्सेल्स’ निवडा आणि मॅपची फाइल द्या.

राखाडी १२८ म्हणजे शून्य सरकणं. काळ्याकडे गेल्यावर चित्र एका दिशेला सरकतं, पांढऱ्याकडे दुसऱ्या. स्केल १०० असेल तेव्हा जास्तीत जास्त सरकणं १२८ पिक्सेल असतं, म्हणून २५ म्हणजे सुमारे ३२ पिक्सेल. ६०० पिक्सेलच्या पेल्याला ही बरी सुरुवात आहे. फाइल मोठी असेल तर आकडा त्या प्रमाणात वाढवा. कडेला चित्र आवळण्याऐवजी ताणलं गेलं तर मॅपमधला काळा-पांढरा उलट करा.

इशारा: मॅपमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा ग्रेडियंट देऊ नका. त्याने चित्र सरसकट लहान किंवा मोठं होतं, वाकत नाही. वाकणं दिसतं ते कडेला बदल वेगाने होतो म्हणून. ‘डिस्प्लेस लावलं, पण काहीच झालं नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

गिंपमध्ये मॅप वेगळी फाइल नसतो, त्याच चित्रातली लेयर असते. फिल्टर्स, मॅप, डिस्प्लेस इथे ती लेयर आडव्या दिशेसाठी निवडायची.  फिल्टर लावण्याआधी लेयरची प्रत ठेवा.

आता स्पष्ट फोटोचं कारण. मागची पाटी धूसर असली तरी पेल्यातली पाटी तितकी धूसर नसते, कारण भिंग त्या पाटीची प्रतिमा पेल्याजवळच तयार करतं आणि कॅमेऱ्याचा फोकस तिथेच असतो. मात्र पेला फक्त आडव्या दिशेने भिंग आहे, उभ्या दिशेने नाही. म्हणून अक्षरांतल्या उभ्या रेघा, काने वगैरे, स्पष्ट होतात आणि शिरोरेषा धूसरच राहते. हे साधायला स्पष्ट लेयरवर गॉशियन ब्लर नको, ९० अंशांचा मोशन ब्लर द्या. इतकी छोटी गोष्ट, पण हे केल्याबरोबर पेला काउंटरवर बसतो. मला स्वतःला या सगळ्या कामात सर्वांत जास्त आनंद याच पायरीला होतो.

बूड. तळाची जाड काच सगळ्यात जास्त वाकवते आणि तिला फार नियम नाही. पार्श्वभूमी आणि काउंटर यांची एक प्रत घेऊन लिक्विफायने (चित्र ब्रशने ओढून वाकवणाऱ्या फिल्टरने) लंबवर्तुळाच्या वळणाने ओढा. दोन-तीन गडद आणि एखादी उजळ कमान आली की पुरे. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, म्हणून जाड भाग किंचित हिरवट दिसतो. ती छटा फक्त इथे द्या, संपूर्ण पेल्याला नको.

तपासणी: या घडीला चमक नाही, प्रतिबिंब नाही, सावली नाही. तरीही चित्र लहान करून पाहिल्यावर तिथे पेला आहे असं वाटलं पाहिजे. वाटत नसेल तर पुढे जाऊ नका. पाण्याची लेयर पुरेशी आवळली आहे का, रिकाम्या भागात उगाच जास्त वाकवलं आहे का, हे आधी बघा.

४. कडा: मागे काय आहे त्यावर रंग ठरतो

उजळ पार्श्वभूमीवर काचेच्या कडा गडद दिसतात, गडद पार्श्वभूमीवर उजळ. कारण कडेजवळची काच मागचं सरळ दाखवत नाही, बाजूला जे असेल ते ओढून आणते. आपल्या पेल्याचा वरचा भाग उजळ पाटीसमोर आणि खालचा भाग गडद काउंटरसमोर असेल, तर एकच कड वर गडद आणि खाली उजळ होत जाईल. पेल्याभोवती सगळीकडे सारखी काळी रेघ मारली की चित्र व्यंगचित्रासारखं दिसतं.

गडद कडेसाठी मल्टिप्लाय (खालचं चित्र गडद करणाऱ्या) मोडमधली लेयर घ्या. रंग काळा नको, आजूबाजूच्या सगळ्यात गडद भागातून आयड्रॉपरने उचला. ब्रश मऊ, पण बाहेरची बाजू मास्कमुळे तीक्ष्ण राहील. जाडी कुठे ३ पिक्सेल, कुठे १०, अशी बदलती ठेवा. पाण्याच्या भागात कड जास्त जाड आणि गडद, रिकाम्या भागात पातळ.

पाणी काचेला टेकतं तिथे ते किंचित वर चढलेलं असतं. लंबवर्तुळाच्या पुढच्या कडेवर एक बारीक गडद रेघ आणि तिला लागून एक बारीक उजळ रेघ द्या. काठाची जाडी दाखवायलाही हीच जोडी.

५. प्रतिबिंब: थोडं आणि कडेला जास्त

पाठीमागच्या बाजूचा तो तिसरा फोटो आता उघडा. डावा-उजवा उलटा करा (फ्लिप हॉरिझाँटल), पेल्याच्या आकारात आडवा आवळा आणि मोड स्क्रीन ठेवा. परावर्तित प्रकाश मागच्या चित्रात मिसळून वाढतो, झाकत नाही, म्हणून नॉर्मल मोड इथे चालत नाही.

किती ठेवायचं? समोरून पाहताना एका पृष्ठभागाचं परावर्तन ४ टक्के. नजर ६० अंशांनी तिरकी झाली की ९ टक्क्यांच्या आसपास, ८० अंशांवर ३९ च्या आसपास. पेल्याचा मधला भाग तुमच्या समोर असतो आणि कडांकडे पृष्ठभाग तिरका होत जातो. म्हणून मास्कमध्ये मध्यभाग जवळजवळ काळा आणि कडांकडे उजळ होत जाणारा ग्रेडियंट ठेवा. मधे प्रतिबिंब दिसत असल्याचं स्पष्ट कळलं तर ते जास्त झालं आहे.

इंदूरच्या इतवारिया बाजारातलं कांच मंदिर पाहून आलेली मुलं हमखास प्रतिबिंब वाढवतात. तिथली भिंतींवरची, छतावरची काच आरशाची आहे. ती आरपार काही दाखवत नाही, सगळं परत पाठवते. प्रत्येक तुकडा जरासा वेगळ्या कोनात असला की वेगळाच कोपरा दाखवतो, हे शिकायला ती जागा सुंदर आहे. पेल्याचा नमुना म्हणून मात्र ती घेऊ नका.

६. चमक: दिव्याच्या आकाराची

चमक हेही प्रतिबिंबच आहे, पण दिव्याचं. दिवा इतका प्रखर असतो की त्याचा ४ टक्के भागसुद्धा फोटोत पांढरा येतो, म्हणून तिची लेयर वेगळी करायची.

तिचा आकार तुमच्या मनावर नाही, उजेडावर ठरतो. शटर उघडं असेल तर उभा, थोडा वाकलेला आयत. आडवी ट्यूबलाइट असेल तर आखूड तेजस्वी रेघ. इंदूरच्या सराफ्यात (सोन्या-चांदीच्या बाजारात) रात्री बंद दुकानांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, तिथे उघडे दिवे असतात, म्हणून लहान, टोकदार, पिवळसर ठिपके. एकदा सराफ्यातल्या एका गाडीसाठी केलेल्या फलकावर मी स्टुडिओतल्या फोटोवरून उचललेली खिडकीच्या आकाराची चमक ठेवली होती. मालकाने छापलेला फलक पाहून विचारलं, ‘यहाँ खिड़की कहाँ है?’ त्यांना प्रतिबिंबाचं शास्त्र माहीत नव्हतं, पण काहीतरी परकं आहे हे त्यांच्या डोळ्यांनी पकडलं. तो फलक मी पुन्हा करून दिला.

प्रत्येक दिव्याच्या दोन चमका द्या: एक मोठी, पेल्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, दुसरी लहान आणि मंद, आतल्या किंवा मागच्या भिंतीवर, सहसा विरुद्ध बाजूला. पूर्ण २५५ पांढरा फक्त गाभ्यात ठेवा. कडा थोड्या मऊ, पण धुरकट नकोत. मोठा मऊ ब्रश वापरला की काच तेलकट दिसते.

इशारा: बेव्हल-एम्बॉस वापरायचंच असेल तर ऑपॅसिटी कमी करू नका, फिल कमी करा. ऑपॅसिटीने लेयर स्टाइलही पुसट होते. फिल फक्त आतला रंग घालवतं, स्टाइल तशीच राहते.

७. सावली आणि कवडसा

काच उजेड अडवत नाही, म्हणून तिची सावली भरीव काळी नसते. कडांची गडद रेघ, आत फिकट भाग आणि पाणी असेल तर मधोमध उजळ कवडसा, कारण भिंग उजेड गोळा करून काउंटरवर टाकतं. सावली मल्टिप्लायमध्ये, कवडसा स्क्रीनमध्ये. दोन्ही दिव्याच्या विरुद्ध बाजूला. कवडशाचा रंग दिव्याचाच. दिवा लहान असेल तर नक्षी तीक्ष्ण, शटरसारखा पसरलेला उजेड असेल तर मऊ आणि पसरट.

बुडाच्या अगदी खाली २-३ पिक्सेलची गडद रेघ विसरू नका. ती नसेल तर पेला तरंगतो.

८. काच पेल्याची नसेल तर

टेबलाची किंवा खिडकीची सपाट काच मागचं चित्र वाकवत नाही. तिथे डिस्प्लेस लावूच नका. पाचवा टप्पा आणि हिरवट कड, एवढंच काम.

दुधी काच करताना मागच्या सगळ्या चित्राला सारखा ब्लर देतात. प्रत्यक्षात काचेला टेकलेला हात बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो आणि दोन हात मागे उभा माणूस फक्त रंगाचा डाग होतो. अंतराप्रमाणे ब्लर बदला.

काचेची देवनागरी अक्षरं करायची असतील तर आधी जोडाक्षरं नीट जुळतात का ते बघा; फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइपच्या प्रेफरन्समध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू नसेल तर ती तुटतात. मग मजकुराचा शेप करा आणि एकमेकांवर येणारे भाग एकत्र करा. तसं न केल्यास शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर बेव्हलची रेघ उमटते.

९. फाइल देण्याआधी

वाकवलेल्या लेयरचे पिक्सेल गुळगुळीत होतात, मूळ फोटोत मात्र कण असतात. १०० टक्क्यांवर झूम करून दोन्ही भाग शेजारी बघा आणि पेल्याच्या लेयरांवर तेवढाच ॲड नॉइज द्या.

चित्र आडवं फ्लिप करून एकदा पाहा, लंबवर्तुळाची चूक लगेच दिसते. चमकेची लेयर बंद करून पाहा: पेला नाहीसा होत असेल तर तिसऱ्या टप्प्याकडे परत जा. मग प्रत सीएमवायकेमध्ये बदला आणि कवडशाचा पिवळा व बुडाचा हिरवट रंग मळकट झाला आहे का ते तपासा. झाला असेल तर त्या दोन लेयरांचं सॅच्युरेशन प्रतीतच थोडं वाढवा. मॅपची पीएसडी मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये ठेवा. डिस्प्लेसचे आकडे पुन्हा बदलायला गेलात की ती परत मागितली जाईल.